भिंतीवरचे आकडे

मीराबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सुरतमध्ये लिंबायतच्या एका कापडाच्या लूम कारखान्यात त्या झाडलोट करत. कोपऱ्यात एक जाळं राहिलं तरी परत झाडू उचलत.

१९९८च्या दिवाळीआधी त्यांनी डिझाइनच्या खोलीची भिंत सोड्याच्या पाण्याने घासली. लूमवाले कापडाचे मीटर खडूने भिंतीवरच मांडत. त्या आकड्यांतच साड्यांची डिझाइनं करणाऱ्या लोकेशने कॉम्प्युटरच्या डिस्कचा पासवर्ड लपवला होता, कारण तो लांबलचक आकडा पाठ होईना. साड्यांची डिझाइनं कुणी चोरू नयेत म्हणून त्याने अख्खी डिस्क सांकेतिक लिपीत बंद करून ठेवली होती. आता भिंतीबरोबर तो आकडाही पुसला गेला आणि डिस्क कुणालाच उघडेना. वर्षाची मेहनत आत अडकली.

शेठने लोकेशला काढून टाकलं. "चोरांपासून वाचवलं, मालकापासूनही वाचवलं!" कारागीर हसले. मीराबाई मात्र गप्प राहिल्या, आणि तेच त्यांना खात राहिलं.

पगाराच्या दिवशी त्या गोडादऱ्याला लोकेशच्या घरी गेल्या.

"भिंत मी पुसली रे. उद्या शेठला सांगते."

"सांगून डिस्क उघडणार आहे का, मावशी?"

मीराबाईंनी पिशवीतून डिझाइनं हाताने काढायच्या ग्राफ कागदाचा जाड गठ्ठा काढून त्याच्यापुढे ठेवला. महिन्याचा पगार त्यातच गेला होता.