डाव्या बाजूच्या खुणा

ती घटना विसरावी असं मला पुष्कळदा वाटलं. विसरता आली नाही. निवृत्तीनंतर लोक भेटतात आणि म्हणतात, सर, एखादी गाजलेली केस सांगा. ही गाजली नव्हती. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्याही पहिल्या दिवशी. इथे मी कुणाचंच नाव देत नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत आणि त्यांनी भोगलं तेवढं पुरे आहे.

थंडीचे दिवस होते. पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती, बीटची वाटणी करत होतो, तेवढ्यात फोन आला. म्हैसूरहून नंजनगूडला जाणाऱ्या रस्त्यावर, कडकोळच्या कारखान्यांच्या अलीकडे, कडेच्या चरात एक माणूस आणि एक सायकल पडली आहे. दूध घालायला निघालेल्या माणसाने पाहिलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा चरातल्या माणसाचा जीव गेलेला होता. खिशातल्या ओळखपत्रावरून कळलं, जवळच्याच कारखान्यात पॅकिंगला होता. आदल्या संध्याकाळी, उजेड सरता सरता, काम सुटल्यावर खोलीकडे निघाला होता. बायको आणि दोन मुली सोसल्याला, गावी.

पंचनामा सुरू केला. आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. रस्त्यावर काचेचा तुकडा नव्हता, ब्रेक दाबल्याच्या खुणा नव्हत्या. सायकलच्या हँडलची उजवी मूठ फाटली होती आणि आतल्या लोखंडाला मरून रंगाचा बारीक पापुद्रा चिकटला होता. म्हणजे गाडीने समोरून उडवलं नव्हतं. बाजूने घासून गेली होती आणि थांबली नव्हती. पापुद्रा सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवला.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. अहवाल टाइप व्हायच्या आधीच त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"डोक्याला फारसं लागलेलं नाही," ते म्हणाले. "मांडीचं हाड मोडलंय, रक्त आतल्या आत गेलंय. हा लगेच गेलेला नाही. पहाटेपर्यंत तरी असावा. कुणी वेळेत आणला असता तर..."

हे अर्धं वाक्य घेऊनच मी तपासाला लागलो.

पेट्रोल पंपाचा कॅमेरा पाहिला. तिन्हीसांजेला दिव्यांच्या झोतात प्रत्येक गाडी काळीच दिसते. मग डेंटिंग-पेंटिंगची सगळी गॅरेजं पालथी घातली. माझा अनुभव असा की घाबरलेला माणूस आठवड्याच्या आत एक तर गाडी गॅरेजला नेतो, नाही तर ती झाकून ठेवतो आणि आजारी पडतो. डाव्या बाजूला ओरखडा असलेली मरून गाडी आली तर कळवा, असं माझे लोक सगळीकडे सांगून आले. कुठूनच काही कळलं नाही. सोसल्याहून मृताचा भाऊ दर सोमवारी ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. काही विचारायचा नाही. दुपारी उठून जायचा.

अशात एके सकाळी कुवेंपुनगरातून एका दुकानदाराचा फोन आला. गाड्यांना पॉलिश आणि कोटिंग करून देण्याचं त्याचं दुकान होतं. तो चाचरत कन्नडमध्ये बोलत होता.

"सर, तुमची माणसं ओरखड्याची गाडी विचारून गेली. तशी आली नव्हती म्हणून मी नाही म्हटलं. पण काल एक मरून गाडी पॉलिशच्या खुणा काढून द्या म्हणून आली होती. सांगावं की नाही, रात्रभर विचार करत होतो."

मी लगेच गेलो. मला या धंद्यातलं काही कळत नव्हतं, तसं त्याला सांगितलं. त्याने मला बाहेर उन्हात उभ्या असलेल्या एका काळ्या गाडीपाशी नेलं. तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेषा चमकत होत्या.

"लोक घरी घासतात, सर. चुकीचं कापड, जाड दाण्याची पेस्ट, वर जोर. रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याच्यावर अशा जाळ्या उठतात. सावलीत दिसत नाहीत, उन्हात आणली की दिसतात. मग घाबरून आणखी घासतात. खुणा जातात तशा, पण मऊ पॅड लागतं, बारीक पेस्ट लागते, मशीन सावकाश फिरवावं लागतं. घाईचं काम नाही ते."

"मग त्या गाडीत वेगळं काय होतं?"

"लोक बॉनेट घासतात. समोर दिसतं ना. ही फक्त डाव्या बाजूने घासलेली होती. पुढचं मडगार्ड आणि दोन्ही दारं. मी टॉर्च धरून पाहिलं तर गोल खुणांच्या खाली एक लांब सरळ रेघ. ती पार पत्र्यापर्यंत गेलेली. म्हटलं, बाई, वरच्या खुणा मी काढीन, पण ही रेघ पॉलिशने जाणार नाही, रंग द्यावा लागेल. तर बाई हिंदीत म्हणाल्या, रेघ राहू द्या, तुम्ही हे धुरकट तेवढं घालवा, शेजारी विचारतात."

"बाई एकट्याच आल्या होत्या?"

"नाही, सर. साहेब गाडी चालवत होते. बाई शेजारी बसून सांगत होत्या. आता डावीकडे, आता ब्रेक, आता गिअर काढा. साहेब खाली उतरले, दुकानाकडे बघून हसले आणि मला विचारलं, हे कुठलं गाव?"

मनात चरकलो. गाडीचा नंबर दुकानाच्या कॅमेऱ्यात होता. संध्याकाळपर्यंत पत्ता मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन तिथे गेलो, साध्या कपड्यात. शहराच्या दक्षिणेकडची शांत वसाहत, फाटकावर मराठी आडनाव. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं, घरात बोलतो ती मराठीच, पण अर्धी कन्नड. दार उघडणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या होत्या, उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली.

"ताई, मी पोलीस इन्स्पेक्टर. स्वल्प गाडी बघायची होती," मी कन्नडातलं 'स्वल्प', म्हणजे 'जरा', घालून म्हटलं.

पोलीस हा शब्द त्यांनी ऐकला, पण आधी उजळल्या त्या मराठीने. "तुम्ही मराठी? या ना, आत या. इथे कुणी मराठी बोलायलाच मिळत नाही हो."

गाडी पोर्चमध्ये होती, डावी बाजू भिंतीकडे करून. कॉन्स्टेबलने कव्हर वर केलं. भिंत आणि गाडीच्या फटीतून दुपारचं ऊन येत होतं. मी वाकून पाहिलं. दुकानदाराने सांगितलं तसंच सगळं. बाईंनी चहा ठेवला, मी नको म्हटलं नाही. चौकशीत पहिली काही मिनिटं गप्प बसणं उपयोगी पडतं.

सांगलीकडचं कुटुंब. नवरा एका कारखान्यात इंजिनिअर होता, नोकरीसाठी इथे आले, निवृत्तीनंतर इथेच राहिले. मुलगी पुण्याला. नंजनगूडला शंकराचं मोठं देऊळ आहे, तिथे ते दर सोमवारी जायचे का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, जायचो, आता नाही जात. गाडीच्या दाराला काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, धुताना घासलं गेलं. बाजारात कुठे लागलं असेल. उत्तरं पाठ केलेली होती. त्या खोटं बोलत होत्या हे मला कळत होतं आणि मला ते कळतंय हे त्यांना.

तेवढ्यात आतल्या खोलीतून गृहस्थ बाहेर आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, हसतमुख. मला नमस्कार केला, कुठले म्हणून विचारलं. मी सांगितलं. बसले, पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग ते माझ्याकडे जरा झुकले आणि काळजीने म्हणाले,

"त्या कुत्र्याचं काही कळलं का हो? जगलं का ते?"

बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"कुठलं कुत्रं, सर?" मी विचारलं.

"आडवं आलं ना ते, नंजनगूडच्या वाटेवर. मी हिला रोज म्हणतो, थांबायला पाहिजे होतं. मुकं जनावर ते. ही म्हणते, पळालं ते. पण असा आवाज करून कोण पळतं?"

बाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्ही जरा आत पडा. मी येते." ते मुकाट्याने उठून गेले. त्या परत येऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "यांना काही विचारू नका, भाऊ. सगळं मीच सांगते."

कॉन्स्टेबलला मराठी येत नव्हती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती आणि मी काही लिहायला सांगत नव्हतो.

"आम्ही देवळातून परत येत होतो. माणसांची नावं, दिवस, घर, यांचं सगळं सुटत चाललं होतं. गाडी तेवढी येत होती. मला चालवता येत नाही. मी सांगायचे, हे चालवायचे. तेवढंच एक यांच्या हातात राहिलं होतं, ते काढून घ्यायला माझं मन होत नव्हतं. डावीकडे सायकल दिसली, मी उजवीकडे म्हणेपर्यंत आवाज आला."

"तुम्ही पाहिलंत?"

"मान वळवून पाहिलं. तो चरात पडला होता."

"हलत होता?"

त्यांनी मनगटावरची पट्टी सारखी केली. "हात वर केला होता त्याने."

"मग?"

"यांनी विचारलं, काय होतं गं? मी म्हटलं, कुत्रं होतं. चला तुम्ही."

मी विचारलं, का? खरं तर तपासाला या प्रश्नाची गरज नव्हती.

"थांबलो असतो तर यांना नेलं असतं ना तुम्ही. हे रात्री उठतात, संडास कुठे आहे ते मला विचारतात. तुरुंगात यांना कोण सांगणार होतं? मला वाटलं, मागून गाड्या येतायत, कुणी तरी थांबेल. खरंच वाटलं होतं, भाऊ."

कुणी थांबलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवरची रेघ पाहिली. फोनवर व्हिडिओ बघून पॉलिशची ट्यूब मागवली. आधी भांड्याच्या घासणीने रेघ घासली, मग पेस्ट लावून. गल्ली झोपलेली असताना, रोज दुपारी. "भांडी घासतो तसंच घासत गेले. सावलीत बरं दिसायचं. एका सकाळी ऊन आलं आणि बघते तर सगळं दार ओरखडलेलं." शेजारणीने विचारलं, एकच बाजू का हो धुता? त्या भीतीने त्यांनी नवऱ्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसवलं आणि दुकान गाठलं.

मी गाडी जप्त केली. प्रयोगशाळेचा अहवाल आला, रंग जुळला. तपास पुरा झाला, दोषारोपपत्र गेलं. ठाण्यात सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. मी सोसल्याला जाऊन मृताच्या बायकोला सांगितलं की गाडी सापडली. ती उंबऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "ते बराच वेळ होते का?" अहवालात सगळं होतं, वकील कधी ना कधी वाचून दाखवणारच होता. मी हो म्हटलं. तिने पदर तोंडावर घेतला. तिची धाकटी मुलगी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तो मला घेववेना.

गृहस्थांना वैद्यकीय मंडळापुढे नेलं. खटल्याला तोंड देण्याच्या स्थितीत नाहीत, असा अहवाल आला. बाईंना जामीन मिळाला, पण परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही अशी अट होती. मुलीला पुणं सोडून इथे राहणं जमेना. तिने वडिलांना तिकडे नेलं आणि घरी सांभाळणं झेपेना म्हणून एका आश्रमात ठेवलं. ज्या भीतीपायी बाईंनी गाडी थांबवू दिली नव्हती, तेच झालं. अनोळखी लोकांत, अनोळखी खोलीत ते बायकोला हाका मारत राहिले. बाईंनी भेटीच्या परवानगीसाठी अर्ज केला होता. तो मंजूर होण्याआधीच ते गेले.

खटला उभा राहिला त्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात एकच बाक रिकामा होता. बाई आणि मृताची बायको, दोघीही त्यावरच बसल्या होत्या, दोन टोकांना. एकीला कन्नड येत नव्हती, दुसरीला मराठी. बाईंनी मला खुणेने बोलावलं.

"भाऊ, तिला म्हणावं, मी रोज..."

मी कन्नडमध्ये सांगितलं की या बाईंना तुझ्याशी बोलायचं आहे. ती समोर बघतच म्हणाली, "मला त्यांचं काही ऐकायचं नाही. एकच विचारा. आमच्या यांनी हाक मारली होती का? काय म्हणाले?"

मी विचारलं.

"काचा वर होत्या," बाई म्हणाल्या. "काही ऐकू आलं नाही."

मी हे जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगितलं. मृताची बायको उठली आणि उन्हात जाऊन उभी राहिली. आत पुकारा झाला. बाईंनी पुरावा लपवल्याचा गुन्हा कबूल केला, शिक्षा थोडकी झाली.

नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, पोटच्या पोरांना मारणारे पाहिले. त्यांच्यावर चिडता येत होतं, आणि चिडलं की काम सोपं होतं. इथे चिडायला कुणी सापडलं नाही. एका थकलेल्या बाईने क्षणात दोन माणसांतला एक निवडला. तिने सोडला तो पहाटेपर्यंत वाट बघून गेला. तिने निवडला तो तिला हाका मारत गेला. आम्ही खुणा ओळखल्या, रंग जुळवला, कबुली मिळवली. त्यातलं काहीही त्या चरापर्यंत वेळेत पोचलं नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला वाटायचं, खरं काय घडलं ते शोधून काढलं की कुणाला तरी थोडं बरं वाटतं. आता तसं वाटत नाही.