होळीनंतरचं कडक मेण

मेणाचा नवा खोका आला की अक्का त्यातला एक खडा उचलायच्या, अंगठ्याच्या नखाने दाबायच्या, नाकाशी धरायच्या आणि मुलगी पसंत केल्यासारखी मान हलवायच्या. "नख खोटं बोलत नाही, भाऊ."

जळगावातल्या एका तपासणीच्या लॅबमध्ये मी काउंटरवर बसतो. मेणातलं मला एवढंच कळतं, की वीज गेली की घरात मेणबत्ती सापडत नाही. बाकीचं आतल्या खोलीत मेणाचं काम करणाऱ्या अक्कांनीच पोहे खाता खाता शिकवलेलं. "गाठीतून काढलेला तुकडा पिकल्या केळासारखा. तसाच कापाल तर लगदा. म्हणून त्याला गरम मेण पाजायचं, मेणातच थिजवायचं, मग कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर. तो डॉक्टर बघणार." त्या दिवशी माझे पोहे उरले.

अक्कांचा नियम एकच. हिवाळ्यात मऊ मेण, होळी पेटली की कडक. आमच्या उन्हाळ्यात मऊ मेण पात्यासमोर टिकायचंच नाही. कडक मेण वितळायला आच जास्त लागते, पण काप सरळ निघतात. लॅबमध्ये होळी कधी, हे कॅलेंडरआधी अक्कांना विचारायचे.

मग काप काढायच्या खोलीत एसी बसला. नव्या डॉक्टर मॅडम, अक्कांच्या लेकीपेक्षाही लहान, त्या म्हणाल्या, "अक्का, खोली आता थंड आहे. मऊच राहू द्या. कडक मेणाच्या आचेत बारीक तुकडे शिजतात."

"मॅडम, तुमच्या एसीला अजून जळगावचा मे भेटला नाही!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. होळी झाली आणि कडक मेण चढलं.

त्याच आठवड्यात एरंडोलच्या एका बाईंचा नमुना आला. छातीतल्या गाठीतून सुईने काढलेला, शेवईच्या तुकड्याएवढा. गाठ साधी की वाईट, हे त्यावरून ठरणार होतं. दुपारी अक्कांनी मला आत बोलावलं. पात्याखाली काप नव्हता, भुगा होता. त्यांनी मेण वितळवलं, मऊ मेणात तुकडा पुन्हा बसवला. पुन्हा भुगा. मेण बदलता येतं, शिजलेला तुकडा परत कच्चा होत नाही.

"मी फोन करतो," मी म्हणालो. "नमुना कमी पडला म्हणतो. परत बोलावू." आपल्याला वेळेवर सुचतं याचा मला तेव्हा जरा अभिमानही वाटला.

अक्का हातातला ब्रश पुसत राहिल्या. "त्यांचा कमी नव्हता. मी जाळला. आणि हे फोनवर सांगायचं नाही."

मॅडमना सांगून त्या एसटीने निघाल्या. मीही गेलो. घर शोधून द्यायला, असं मी म्हटलं. खरं तर त्यांनी जास्त बोलू नये म्हणून.

बाई अंगणात खाटेवर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबड्या, वाळत घालत होत्या. अक्का बसल्याच नाहीत. उन्हात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचा तुकडा माझ्या हातून जळाला. मॅडमनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बाईंनी पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं, "मंग आखो सुई टोचनी पडी?"

"हो, पुन्हा."

त्यांनी मनगटाने पदर छातीवर ओढला. "तवपावत गाठ वाढी जाई का?"

तोपर्यंतची हमी आमच्यापैकी कोण देणार? मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मोठ्याने हसलेलं ते हसू मला तिथे, त्या अंगणात, पुन्हा ऐकू आलं.

शेवटी बाईच म्हणाल्या, "बस माय. उन्हमा उनी शे, पानी पी."

अक्कांनी तांब्या घेतला आणि न पिताच खाटेच्या कडेला ठेवला. त्या शिव्या खायला आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. शिव्या सोप्या असत्या.

बाईंनी पुन्हा सुई टोचून घेतली; त्या नमुन्याला मऊ मेण वापरलं. काप स्वच्छ आले, गाठ साधी निघाली. बाई रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा पिशवीभर बिबड्या घेऊन आल्या. "त्या माय कोठे शेत?"

अक्का आत जाऊन कडी लावून बसल्या होत्या. "सुट्टीवर आहेत," मी म्हणालो. खोटं बोलायला मी होतोच. बिबड्यांची पिशवी आत नेली, तर अक्कांनी तिच्याकडे पाठ केली. शेवटी ती आमच्या घरी आली. बायकोने कौतुकाने तळल्या. मला एक संपवता आली नाही.

पुढच्या होळीआधीच अक्का निवृत्त होऊन लेकीकडे धुळ्याला गेल्या. शेवटच्या दिवशी नवा खोका आला. आम्ही सगळे सवयीने त्यांच्या अंगठ्याकडे बघत उभे. त्यांनी खडा उचलला, तळहातावर थोडा वेळ धरला आणि मॅडमपुढे केला.

"तुम्ही बघा, मॅडम."

मॅडमनी तो घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

तो खडा आता माझ्या काउंटरवर असतो. रिपोर्ट न्यायला येणारे विचारतात, हे काय? मी म्हणतो, मेण. मेमध्ये खड्याला बोट लावलं की जरा चिकटतो. त्यावर नखाची खूण मात्र कुठेच नाही.