हात धुवेपर्यंत विचारायचं नाही

प्रश्न पोटात ठेवणं मला जमत नाही. आई म्हणायची, ही तापाने फणफणली तरी डॉक्टरालाच विचारेल, लग्न झालं का तुमचं? त्यामुळे ‘मुलीला काहीही विचारायचं नाही’ असा ठराव आमच्या मंडळात खुद्द मीच मांडला, हे ऐकल्यावर माझे यजमान इतके हसले की हातातली कॉफी नेसत्या वेष्टीवर सांडली.

मंडळ म्हणजे काय, तंजावुरातली आम्ही सात मराठी माणसं, एक नारळाची बाग आणि एक जेवणघर. आम्ही मराठी बोलतो ती तमिळ चालीवर, सभेचं इतिवृत्त मराठीत पण तमिळ लिपीत लिहितो, आणि भांडण रंगात आलं की इंग्रजीवर जातो. बागेच्या उत्पन्नातून गरीब विद्यार्थ्यांना पौर्णिमेला जेवू घालायचं, एवढंच मंडळाचं काम. जुन्या राजांनी वाटसरूंसाठी जेवणामुक्कामाची छत्रं बांधली, त्याची ही आमची खिशाला परवडणारी आवृत्ती. ओरत्तनाडूच्या बाजूच्या एका छत्रात माझे खापरपणजोबा वाढपी होते, असं आमच्या घरी सांगतात. आमच्या खजिनदारमामांच्या घरी सांगतात की ते त्यांचे खापरपणजोबा होते. दोघांचे असतील. पण छत्राचा एक नियम मात्र दोन्ही घरांत अगदी सारखा सांगितला जातो: पानावर बसलेल्याला नाव, गाव, जात, काम काही विचारायचं नाही. जेवून त्याने हात धुतले की मग विचारा. भुकेल्या माणसाला उत्तर देण्याची सक्ती नको.

तर अशा थोर परंपरेच्या जेवणघरात एका पौर्णिमेला आम्ही पानं मांडून बसलो आणि जेवायला कोणी म्हणजे कोणी आलं नाही. मामा पानांवरच्या माश्या वारत म्हणाले, “काय जाहलं? पोरं उपास करतात काय?” उत्तर दिलं एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने. तिला आम्ही पाहुणी म्हणून बोलावलं होतं. ती म्हणाली, “पोरं शाळेत जेवतात हो. जेवण मिळतं त्यांना. घर मिळत नाही.”

आणि तिने तिच्या बारावीतल्या एका मुलीची हकिगत सांगितली. मुलीची आई लग्नाच्या जेवणावळी करणाऱ्या एका आचाऱ्याच्या हाताखाली भांडी घासायची. वडील नाहीत, घर नाही. जिथे लग्न तिथे मुक्काम. सकाळी वधूवर निघून गेले की नवरीची खोली रिकामी होते, तिथे मायलेकी राहायच्या, पुढच्या लग्नापर्यंत. गावातल्या तमाम मंगल कार्यालयांच्या नवरीच्या खोल्या त्या मुलीला पाठ होत्या: कोणता पंखा कुरकुरतो, कोणता आरसा माणसाला जाड दाखवतो. पण आडी महिन्यात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, आमच्याकडे लग्नं होत नाहीत, डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळीतही नाहीत. मग त्या दोघी बसस्टँडवर, नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर. “मार्गळी संपली की बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर येते,” मुख्याध्यापिका म्हणाली. “गेल्या वर्षी अशीच एक मुलगी माझ्या हातून सुटली. हीही सुटेल.”

तिथेच ठरलं. बारावीचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याला ठरलेली रक्कम थेट मुलीच्या खात्यात. पावती नको, हिशेब नको, अट नको. मी छत्राचा नियम ओरडून सांगितला आणि टाळ्या घेतल्या. टाळ्या मला आवडतात.

मुलगी आली. दोन वेण्या, करड्या रंगाचं दप्तर आणि नजर अशी की दुकानदाराने तराजू लपवावा. मामांनी गंभीर चेहऱ्याने छत्राच्या नियमासकट सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं.

“मला काय करायचंय, तात्ता?”

तात्ता म्हणजे आजोबा. मामा केसांना कलप लावतात. त्यांना ते लागलं, पण गिळून म्हणाले, “काही नाही.”

“हॉल झाडायचा?”

“नाही.”

“भाषण? फोटो?”

“काही नाही गं अम्मा. पैसे येतील, तू शिक.”

तिने दप्तर खांद्यावर नीट केलं. “आज काही नाही. मग नंतर काय?”

आम्ही सगळे प्रेमळ हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आता पुढचं ऐका. पहिला महिना आम्ही कसाबसा काढला. मुलगी पैशांचं काय करते? आईला देते? मोबाइल घेतला? सातही जणांच्या जिभेवर प्रश्न वळवळत होते, पण ठराव झालेला. तेवढ्यात मला तोड सापडली. विचारायचं नाही, कबूल. पण खाऊ घालायचं नाही असं कुठे म्हटलंय? मी तिला सोमवारी शाळा सुटल्यावर टिफिनला बोलावलं. गोड केसरी केली, बोंडे तळले. आणि मी काहीही विचारलं नाही! फक्त माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, म्हणजे ती आपणहून तिच्या सांगेल. तिने तीन बोंडे खाल्ले, गोष्टी ऐकल्या, “छान, टीचर” म्हणाली आणि गेली. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून टीचर.

ही युक्ती मी कोणाला सांगितली नव्हती, शपथ. पण आमची माणसं! मंगळवारी मामांनी बोलावलं. बुधवारी अध्यक्षीणबाईंनी दह्यात कालवलेली डांगर पच्चडी खायला. गुरुवार, शुक्रवार, सगळे वार भरले. प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एकटे शहाणे. मुलगी एकालाही नाही म्हणाली नाही. वेळेवर यायची, खायची, ऐकायची. माझे यजमान म्हणाले, “तुम्ही शिष्यवृत्ती देताय की सून शोधताय?”

तिमाही परीक्षा झाल्यावर मुख्याध्यापिका सभेत आली. तिने पर्स ठेवली नाही, खुर्ची घेतली नाही. दप्तरातून काढावी तशी एक वही काढली.

“फिजिक्समध्ये नापास,” ती म्हणाली. “दहावीला ऐंशीच्या वर होती. तुमच्या पैशांनी तिने रेशन दुकानामागे एक खोली भाड्याने घेतलीय, आगाऊ भाडं भरलंय, बल्ब लावलाय. अभ्यासाला टेबलसुद्धा घेतलंय. त्या टेबलापाशी ती बसते कधी? मी विचारलं तर तिने ही वही पुढे केली. बघा म्हणाली, मला वेळ कुठे आहे?”

तिने शेवटचं पान उघडलं. मुलीच्या अक्षरात, रेघ मारून, वर ‘काम’ असा मथळा. खाली तक्ता.

सोमवार: टीचर – गोष्टी ऐकणे.

मंगळवार: तात्ता – फोन नीट करून देणे, बातम्या ऐकणे.

बुधवार: मोठ्या अम्मा – दोनदा वाढून घेणे.

पुढचे वार मी वाचले नाहीत. ज्याचे त्याने वाचले. 

“तिला वाटलं, हेच ते ‘नंतर’,” मुख्याध्यापिका म्हणाली. “भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी आहे ती. फुकट काही येत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही नाही म्हणालात, तिने विश्वास ठेवला नाही, आणि ती बरोबर निघाली.”

एवढं बोलून ती गेली. मामा म्हणाले, “माझा फोन खरंच बिघडला होता.”

सोमवार माझा होता, म्हणून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. ती आली तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लावून ओट्याला पाठ टेकून उभी राहिले, म्हणजे हात आपोआप काही वाढायला जाणार नाहीत.

“उद्यापासून कुठेच यायचं नाही,” मी म्हटलं. “कोणाकडेच नाही.”

तिचा चेहरा पडला. “माझं काही चुकलं?”

“आमचं चुकलं.”

“मी आले नाही तर पैसे बंद होतील?”

“नाही. पाच तारखेला येतील. निकालापर्यंत प्रत्येक पाच तारखेला. आलीस तरी, नाही आलीस तरी. नापास झालीस तरी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या बागेतला नारळ विकत घेणारा माणूस कानाशी नारळ हलवून बघतो ना, तशी. मग म्हणाली, “टीचर, तुमच्या गोष्टी चांगल्या असतात.”

मी फुलले.

“लांब असतात,” ती म्हणाली, आणि दप्तर उचलून निघाली.

त्यानंतर ती आली नाही. पैसे जात राहिले. आणि आम्ही सात जणांनी जी शिस्त पाळली, ती आमच्या खापरपणजोबांनीही पाळली नसेल. अध्यक्षीणबाईंनी तर बुधवारी डांगर कालवणंच बंद केलं. मार्गळी लागली. तंजावुरातली लग्नं थांबली, मंगल कार्यालयांना कुलपं लागली. मला राहवेना. एका सकाळी कॉलेजला जाताना माझी मोपेड चुकून रेशन दुकानामागच्या गल्लीतून गेली. मोपेड जुनी आहे, चुका करते. एका निळ्या दारासमोर तांदळाच्या रांगोळीचं ताजं कोलम काढलेलं होतं, ओल्या जमिनीवर पांढरंशुभ्र, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं पिवळं भोपळ्याचं फूल. ज्या मुलीने आजवर दुसऱ्यांच्या लग्नाच्या रांगोळ्या ओलांडल्या होत्या, तिच्या स्वतःच्या उंबऱ्यापुढचं कोलम. मोपेडचं इंजिन बंद पडू नये म्हणून मी देवाचा धावा करत पुढे गेले. गल्लीच्या तोंडाशी समोरून मामा आले, स्कूटरवर. आम्ही एकमेकांना पाहिलं नाही.

बोर्डाची परीक्षा झाली. निकाल मे महिन्यात. निकाल इंटरनेटवर लागतो, पण त्याला परीक्षा क्रमांक लागतो, आणि तो विचारायची कोणाची छाती नव्हती. मुख्याध्यापिकेला फोन केला तर ती गोड आवाजात म्हणाली, “तुमचा ठराव आहे ना?”

निकालाच्याच सकाळी मुलीचा निरोप आला. दुपारी सगळ्यांनी जेवायला यायचं. मंडळ सात, मुख्याध्यापिका आठवी.

खोली एवढीशी. आम्ही दोन रांगांत बसलो, गुडघ्याला गुडघा. आयुष्यभर लोकांची उष्टी भांडी घासलेली तिची आई केळीच्या पानांवर वाढत होती आणि कोणाला मदतीला उठू देत नव्हती. लिंबूभात, अवियल, आणि काय सांगू, आंबट वरण! आमचं, घरातलं, सोमवारी तिला गोष्टी सांगत मी रात्रीसाठी फोडणी द्यायची ते आंबट वरण. पोरीने माझ्या गोष्टींकडे कान दिला असेल नसेल, फोडणीकडे दिला होता.

मामांनी पहिल्याच घासाला तोंड उघडलं. मुलगी कोपऱ्यात टेबलाला टेकून उभी होती. ती म्हणाली, “तात्ता, सगळ्यांचे हात धुऊन होईपर्यंत विचारायचं नाही. तुमचाच नियम.”

तिचा चेहरा कोरा होता. त्यावरून पासही वाचता येईना आणि नापासही. पुढची दहा मिनिटं आमच्यासारखी सभ्य माणसं ज्या वेगाने जेवली, तसं मी कुठल्या पंगतीत पाहिलं नाही. नळ बाहेर, अंगणात, एकच. बहात्तर वर्षांचे मामा दहीभात न घेता उठले. आमच्या गावात दहीभात न खाता उठणं म्हणजे सप्तपदीतून पळून जाणं. ते नळाला पहिले, मी तिसरी, माझ्यामागे अध्यक्षीणबाई मला कोपराने ढकलत.

“धुतले!” मामा ओले हात वर धरून ओरडले. “आता सांग!”

“टीचरांचे राहिलेत.”

मी धुतले. सगळ्यांनी धुतले. ती दारात आली, उंबऱ्यावर उभी राहिली.

“पास,” ती म्हणाली. “फिजिक्स अठ्ठ्याऐंशी.”

मुख्याध्यापिकेने पदराने डोळे पुसले आणि नळाचं पाणी उडालं म्हणाली. मामा एक शब्द न बोलता आत गेले, आपल्या पानावर पुन्हा मांडी घालून बसले आणि मुलीच्या आईला म्हणाले, “आता वाढा दहीभात.”

आम्ही बाकीचे अंगणात उभे होतो. पुढे काय शिकणार, कुठे शिकणार, खोली ठेवणार की हॉस्टेलला जाणार, सगळे प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होते. पण मामांचे हात पुन्हा खरकटे झाले होते, आणि ते अगदी निवांत जेवत होते.