आमिनाबींच्या पुरचुंड्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसले आहे, तरी हात स्वस्थ राहत नाहीत. पदर उगाच पिळते आहे.

छप्पन साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच हिवाळ्यात लग्न होऊन मी बोरी अरबला आले. शेजारी आमिनाबी राहायच्या. एकट्या, विधवा. त्यांच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेकडून अत्तर आणून बाजारात विकायची. त्यातलं आमिनाबींपाशी उरलं होतं ते पुरचुंड्या शिवणं. मलमलीच्या तुकड्यात वाळा, नागरमोथा, कचोरा, सुकलेल्या गुलाबपाकळ्या. नवरीच्या रुखवतात ती पुरचुंडी, बाळाच्या पाळण्याला तीच, डोकं दुखलं की उशीखाली तीच. कुणी गेलं तर प्रेताच्या कापडात ठेवायला कापराची वेगळी शिवून देत. आणि रेशमी लुगड्यांच्या पेटीत — कसर लागू नये म्हणून.

आमच्या पेटीत सासूबाईंचा शालू होता, नणंदेच्या लग्नासाठी राखलेला. किल्ली माझ्याकडे असायची.

नवरा यवतमाळला कापसाच्या जिनिंगमध्ये होता, शनिवारी यायचा. मला सारखं वाटे, माझ्या अंगाला चुलीच्या धुराचा वास येतो. एकदा पेटीतली एक पुरचुंडी काढून चोळीत खोचली. तो म्हणाला, "काय घमघमून राह्यलं?" एवढंच. पण त्यापायी मी एकेक करत सगळ्याच काढल्या. परत ठेवू, परत ठेवू म्हणता म्हणता पावसाळा गेला. नव्या मागितल्या असत्या तर आमिनाबींनी हसत दिल्या असत्या. का नाही मागितल्या? लाज वाटली म्हणू? लाजच होती का ती?

लग्न ठरलं, शालू काढायची वेळ आली. आदल्या दिवशी मी वास उडालेल्या त्या पुरचुंड्या गुपचूप पेटीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी घडी उलगडली — काठापासून पदरापर्यंत चाळणी. नणंद रडत बसली. सासूबाईंनी पुरचुंडी नाकाशी धरली आणि आमिनाबींना बोलावून घेतलं.

"वाळा म्हणून गवत भरलं तुम्ही," त्या म्हणाल्या.

आमिनाबींनी पुरचुंडी हुंगली, बोटांनी चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं. "बेटी, पेटी तेरेच पास थी. ये अंदरच थे ना?"

"आतच होत्या," मी म्हटलं.

त्यांनी पुरचुंडी खाली ठेवली. उठून गेल्या.

गावात बोभाटा झाला. पाळण्यासाठी, रुखवतासाठी त्यांच्या दारी कुणी जाईना. मला मुलगा झाला तेव्हा त्या स्वतः पुरचुंडी घेऊन आल्या. सासूबाईंनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मी आत बाळाला छातीशी धरून सगळं ऐकत होते. हाक मारता आली नसती का? मग कधीतरी त्या केळापूरला भावाकडे निघून गेल्या. मी भेटायला गेले नाही.

पुढं काही वर्षांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पाय चेपत होते, तर एकदम म्हणाल्या, "त्या आमिनाबीवर मी खोटा आळ तं नाही घेतला न व?"

खोलीत आम्ही दोघीच होतो.

"नाही, आई," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मी पाय चेपत राहिले.