उंबरकोंडची वस्तीची गाडी

उंबरकोंडच्या माणसाला गाव कुठे आलं म्हणून विचारा, तो छाती पुढे काढून सांगेल, "अगदी मधोमध!" एका अंगाला गुहागरचा समुद्र, दुसऱ्या अंगाला सावर्ड्याचा बाजार, वर चिपळूण, खाली रत्नागिरी; शिवाय डोंगरापलीकडून रेल्वे जाते, तिचा आवाज वारा असेल तसा ऐकू येतो. पाहुणा हरखतो आणि विचारतो, मग यायचं कसं? तिथे मात्र घोडं अडतं. मधोमध असण्याचं असंच असतं. सगळे बाजूने जातात, आत कुणी वळत नाही.

आत वळली ती एकच, वस्तीची गाडी. संध्याकाळी यायची, रात्री पिंपळाखाली मुक्काम करायची आणि सकाळी सावर्ड्यावरून तालुक्याला जायची. ही गाडी मागायला गावकरी डेपोत गेले तेव्हा साहेबांनी अट घातली, की ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची सोय गावाने करायची. मागे उभे असलेले जानू बायकोला न विचारताच बोलून गेले, "आमच्या पडवीत निजूदे की."

घरी आल्यावर येसूबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "रोजचे दोन परके बाप्ये घरात? आनि ते काय उपाशी निजतील?"

जेवणाचं कुणी बोललंच नव्हतं. ते येसूबाईंनी स्वतःहून अंगावर घेतलं आणि वर नवऱ्यावर रागावल्या. त्यांचं सगळंच तसं होतं.

पहिला ड्रायव्हर महिपत, कोल्हापूरकडचा. पानात भात आणि कुळथाची पिठी बघून बिचारा पानाभोवती भाकरी शोधायला लागला.

"वैनी, भाकरी न्हाई व्हय?"

"तांदळाची हाय, सकाळची. चालंल?"

"पळंल की!"

दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी भाकरी थापली जाऊ लागली. आणि पावसाळा सरेपर्यंत हाच महिपत सुकटीवर असा तुटून पडायला लागला, की जानू म्हणायचे, ह्याला आता देशावर कोण घरात घेणार नाही.

गाडी घाटीच्या वळणावर आली की महिपत हॉर्न द्यायचा, आणि येसूबाई आधणात तांदूळ सोडायच्या. गाडीतून काय यायचं नाही? सावर्ड्याचा बाजार, गुहागरची मासळी, मुंबईच्या मुलांचे निरोप. एकदा पहाटे लेकीच्या, दर्शनाच्या, पोटात कळा सुरू झाल्या. महिपतने तोंडसुद्धा धुतलं नाही. दर्शना, येसूबाई आणि सुईण एवढ्या तिघींना घेऊन त्याने गाडी वेळेच्या आधीच दामटली. मागाहून थांब्यावर आलेल्यांना नुसता पिंपळ दिसला. कारण कळल्यावर सगळे चालत सावर्ड्याला गेले, पण एकानेही तक्रार केली नाही. असं गाव होतं ते, आणि अशी गाडी होती.

महिपत पुढे बदलून गेला. त्याच्या जागी कितीतरी आले, कोण लातूरचा, कोण खानदेशातला. सगळ्यांना आधी पिठी आवडायची नाही, मग आवडायची. जानू गेले तेव्हा मुलगे मुंबईहून पोचायला उशीर होता. पहिला खांदा त्या दिवशीच्या ड्रायव्हरने दिला. त्यानंतर मुलं किती वेळा म्हणाली, आई, आमच्याकडे ये. येसूबाईंचं उत्तर ठरलेलं, "नि गाडीला कोन बगनार?" दिवसभर त्या घरात एकट्याच असायच्या, पण संध्याकाळी चूल तीन माणसांची पेटायची. त्यांचं सगळं जगणं त्या चुलीवर टेकलेलं होतं.

मग हायवे रुंद झाला. दारोदार मोटारसायकली आल्या, सावर्ड्याला जायला रिक्षा झाल्या. गाडीत शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं तेवढी उरली. एका मे महिन्यात डेपोतून निरोप आला, की साहेब मुक्कामी गाडीने येतील, सकाळी प्रवासी किती चढतात ते स्वतः बघतील आणि गाडी ठेवायची की बंद करायची ते ठरवतील.

सरपंच सुहासने सभा घेतली. "साहेबांचं स्वागत असं करायचं, की गाडी बंद करायची त्यांची छातीच झाली नाय पायजे!" गावाने मान डोलावली. येसूबाईंकडे कोंबडी-वड्यांचा बेत झाला. गाडीला झेंडूच्या माळा आणि आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. सकाळी झाडून सारा गाव थांब्यावर हजर. भजनी मंडळ टाळ घेऊन आलं. सुहासने नारळ फोडला, साहेबांना शाल घातली, मागच्या सीटांवर फणस आणि हापूसच्या पेट्या चढवल्या. साहेबांचे डोळे भरून आले. घंटा वाजली, गाडी हलली, पोरांनी टाळ्या पिटल्या, बायकांनी हात हलवले.

ओवाळणीचं तबक हातात धरून येसूबाई गाडीकडे बघत होत्या. वळणावर गाडीची सगळी बाजू समोर आली आणि त्या एकेक खिडकी निरखायला लागल्या.

"अरे," त्या ओरडल्या, "गाडीत कोन बसलाय का?"

टाळ थांबले. सुहासने भजनी मंडळाकडे पाहिलं, मंडळाने बायकांकडे. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा जातोय. आणि साहेबांना निरोप द्यायचा सोडून गाडीत जाऊन बसणं बरं दिसलं असतं का? यजमान कधी पाहुण्याच्या आधी गाडीत बसतो? अवघ्या गावाने गाडी वाचवायला यावं आणि गाडीत फक्त फणस बसावेत, हे उंबरकोंडलाच जमायचं.

साहेब भला माणूस होता, पण खोटं लिहिणार कसं? पुढच्या महिन्यात गाडी बंद झाली.

शेवटच्या सकाळी मात्र कुणी माळा बांधल्या नाहीत. ड्रायव्हर विनोद, लातूरकडचा तरुण, अंथरूण गुंडाळून पाया पडला. येसूबाईंनी त्याच्या पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या, घराला कडी घातली आणि नवं लुगडं नेसून त्याच्या मागोमाग गाडीत चढल्या.

"आजी, कुठं निघालात?"

"तुमाला पोचवाया. पावन्याला पोचवाया नको?"

गाडी सावर्ड्यावरून हायवेला लागली. येसूबाई खिडकीशी बसून होत्या आणि पदराने पुन्हा पुन्हा डोळे टिपत होत्या. डेपोत उतरल्यावर त्यांनी गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला, ड्रायव्हर-कंडक्टरच्या तोंडावरून फिरवला आणि बाकड्यावर बसून राहिल्या. ऊन चढलं, भूक लागली, तेव्हा त्या उठल्या आणि चौकशीच्या खिडकीशी गेल्या.

"उंबरकोंडची गाडी खंच्या फलाटाला लागंल?"

"तिकडे गाडी नाही, आजी."

"नाय कशी? सकाळी तिच्यातनंच आले मी!"

मग येसूबाईंच्या ध्यानात आलं. पोचवायला गेलेलं माणूस संध्याकाळी परत येतं, एवढंच त्यांना ठाऊक. परत आणणारी गाडीच आपण पोचवून बसलो, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या.

विनोद डबा संपवून आपल्या खोलीवर निघाला होता. त्याने त्यांना पाहिलं आणि काय झालं असेल ते त्याला न सांगता कळलं. "चला आजी, मोटारसायकल आहे माझी. धरून बसा घट्ट."

उंबरकोंडला अंगणात त्याने त्यांना उतरवलं आणि मोटारसायकल वळवली.

"जेवून जा रे बाबा," येसूबाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. इतकी वर्षं इतके ड्रायव्हर जेवले, पण एकालाही त्यांना असं म्हणावं लागलं नव्हतं. घरच्या माणसाला का कुणी जेवून जा म्हणतं?