नलिनीताईंचा उजवा हात

नलिनीताई फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात करत. उंची जेमतेम, त्यामुळे टाचा उचलून आणि उजवा हात पूर्ण ताणून. तलासरीच्या आमच्या शाळेत मी नवी रुजू झाले तेव्हा त्यांना विचारलं होतं, "ताई, थोडं खालून का नाही सुरू करत?"

"खालचं लिहिलेलं पुढच्यांच्या डोक्यांमागे जातं," त्या म्हणाल्या. "लांबच्या पाड्यांवरची मुलं चालत येतात, त्यांना उशीर होतो, म्हणून ती मागे बसतात. त्यांनाच दिसलं नाही तर मी लिहायचं कुणासाठी?"

त्या भूगोल शिकवत. पुस्तक न बघता भारताचा नकाशा काढत, कच्छला खडू टेकवला की किनाऱ्याकिनाऱ्याने पार बंगालपर्यंत. शिक्षकांच्या खोलीत वाद पेटला की शांतपणे म्हणत, "उत्तर कुठे आहे ते आधी ठरवा, मग भांडा." उत्तर म्हणजे दिशा की जवाब, हे त्या कधी सांगत नसत. राहायला नरपडला. यजमान विश्वासभाऊंची तिथे चिकूची वाडी होती. नरपडहून डहाणू, डहाणूहून तलासरी असा रोजचा प्रवास त्यांनी वर्षानुवर्षं केला, पण त्यांना उशिरा आलेलं मी कधी पाहिलं नाही.

दुखणं करंगळीपासून सुरू झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, मग कोपरापासून खांद्यापर्यंत कळ चढायची. वर्गात हातातून खडू पडू लागला. त्या वाकून उचलायच्या आणि पुढे लिहायच्या. मग एकदा मी दारातून पाहिलं, तर फळ्याच्या मधूनच लिहीत होत्या. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाय, माना दिसं नाय." ताईंनी सगळं पुसलं आणि पुन्हा वरून लिहायला घेतलं.

त्यानंतर डॉक्टर सुरू झाले. डहाणूत मानेला पट्टा मिळाला. वापीत एमआरआय झाला, मणक्याची झीज आहे असं सांगून ताकदीच्या गोळ्या दिल्या गेल्या. तिसऱ्याने मनगटातली नस दबली आहे म्हणून इंजेक्शन दिलं. चौथ्याने विश्वासभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की या वयात बायकांना असं होतं, जरा मन रमवा. घरी जाताना ताई नवऱ्याला म्हणाल्या, "मन माझ्या करंगळीत आहे हे मला माहीत नव्हतं."

वाईट हे होतं की ते दुखणं कोणत्याच खात्याचं नव्हतं. हाडांचे डॉक्टर म्हणत नसांकडे जा, नसांचे म्हणत हाडांकडे जा. या फेऱ्यांमध्ये दोन वर्षं गेली. तोवर अंगठ्याखालचा तळहाताचा उंचवटा बसत गेला. डब्याचं झाकण त्या मला उघडायला सांगू लागल्या.

शेवटी मुंबईतल्या एका वयस्क मज्जातंतूतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलो. मी सोबत होते. त्यांनी ताईंना दोन्ही हात वर करून मुठी उघडमीट करायला सांगितल्या. थोड्याच वेळात ताईंचा उजवा हात पांढरा पडला आणि आपोआप खाली आला. डॉक्टरीणबाईंनी मानेचा साधा एक्स-रे काढून आणायला लावला. त्यात एक छोटी जादा बरगडी होती, मानेच्या मुळाशी. गळपट्टीच्या हाडामागच्या अरुंद जागेतून हाताच्या नसा जातात, तिथेच त्या दाबल्या जात होत्या. थोरॅसिक आउटलेट, असं त्यांनी नाव सांगितलं.

"ही बरगडी कधीपासून आहे?" ताईंनी विचारलं.

"जन्मापासून. काहींना असते, बहुतेकांना काही त्रास होत नाही. तुमचा हात सतत वर. एवढे दिवस कुणी मानेचा साधा फोटो बघितला नाही?"

ताईंनी नाही म्हणून मान हलवली. बाहेर आल्यावर बाकावर बसून त्या एकदाच रडल्या. "नाव आहे गं त्याला," म्हणाल्या.

नाव मिळालं, पण पुढची वाट आणखी कठीण होती. हे ऑपरेशन नेमकं करतं कोण, हेच कळेना. कुणी मेंदूच्या सर्जनकडे पाठवे, कुणी छातीच्या, कुणी रक्तवाहिन्यांच्या. पहिले सर्जन घाईत होते. बरगडी काढू, पुढच्या आठवड्यात दाखल व्हा, हात पहिल्यासारखा होईल, म्हणाले. ताईंनी विचारलं, "तुम्ही अशी ऑपरेशनं किती केली आहेत?" त्यांना ते आवडलं नाही. दुसरे सर्जन बराच वेळ हात तपासत राहिले. म्हणाले, "गेलेली ताकद परत येईल असं मी सांगणार नाही. बहुधा येणार नाही. दुखणं कमी होण्याची शक्यता चांगली आहे, आणि आहे ते टिकेल. धोकाही आहे. त्याच नसांना इजा होऊ शकते, फुप्फुस जवळ आहे."

विश्वासभाऊ साफ विरोधात होते. "गळ्याशी सुरी लावून मिळणार काय? तो माणूस स्वतःच म्हणतो हात येणार नाही."

"म्हणून तर तो बरा वाटतो," ताई म्हणाल्या.

त्याच सर्जनांकडून ताईंनी आधीच्या रुग्णाची ओळख मागून घेतली. वापीच्या हंसाबेन, शिवणकाम करणाऱ्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या. आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांनी ओढणी सारून गळ्याजवळची खूण दाखवली. "बेन, दरद ओछो झाला. पहिले रडत होती, आता नाय रडत. पण मशीनवर एक तासच बसते. खांदा थकून जाते."

"पुन्हा करायची वेळ आली तर कराल?" ताईंनी विचारलं.

हंसाबेननी ओढणी पुन्हा गळ्यावर ओढली. मग म्हणाल्या, "करेन. पण लवकर करेन."

परतताना गाडीत ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तलासरीच्या जवळ आल्यावर म्हणाल्या, "मला हात परत हवाय म्हणून मी थांबले होते, सुजाता. कुणीतरी देईल म्हणून दारं वाजवत होते. तो नाही मिळणार. आता दुखणं थांबवायचं की नाही, एवढंच उरलंय." घरी जाऊन त्यांनी विश्वासभाऊंना निर्णय सांगितला. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत, पण दाखल करायला तेच घेऊन गेले.

ऑपरेशन नीट झालं. कळ हळूहळू ओसरली. पंजा मात्र सर्जन म्हणाले होते तसाच राहिला, अंगठ्याजवळ खळगा पडलेला, पेन न धरणारा. ताई काही महिने शाळेत आल्या. डाव्या हाताने लिहायचा प्रयत्न केला, मग मुलांकडून नकाशा काढून घ्यायच्या. किनारा नेहमी वेडावाकडा यायचा. त्या तोंडाने सुधारत राहायच्या आणि तास संपायचा. एका दुपारी त्या मुख्याध्यापकांकडे जाऊन मुदतीआधीच्या निवृत्तीचा अर्ज देऊन आल्या. समारंभ नको म्हणाल्या.

यंदा दिवाळीनंतर मी नरपडला गेले. वाडीत चिकू उतरवून घोलवडकडे पाठवायची गडबड चालली होती. विश्वासभाऊ मला बघताच म्हणाले, "तू तरी सांग हिला. मुंबईत हाताचे एक सर्जन आहेत. दुसऱ्या बोटाचा स्नायुबंध अंगठ्याकडे वळवतात. पकड येते म्हणे. मी सगळी चौकशी केली आहे." ऑपरेशन नको म्हणणारा तो माणूस आता हातात फाइल घेऊन उभा होता.

ताई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "यांना सांगून झालंय माझं. आता पुन्हा कुणाच्या दाराबाहेर नंबर लावून बसायचं नाही."

"पण ताई, लिहिता आलं तर?"

"कुणाला लिहू?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं.

भाऊ फाइल घेऊन तसेच वाडीत निघून गेले. ते दिसेनासे झाल्यावर ताई म्हणाल्या, "त्यांना वाटतं मी हरले. तसं नाही गं. मी आता उजव्या कुशीवर झोपते. किती वर्षांनी. सकाळी जाग येते तेव्हा क्षणभर काहीच आठवत नाही, हातही नाही. मग उठून पाणी घ्यायला जाते आणि तांब्या हातातून सुटतो."

मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. कडी मला लावायला सांगितली.