डाव्या बाजूची जागा

त्या वर्षी पोळ्याला मी घरी आले ती भांडायच्या तयारीनंच. भांडण बाबांशी नव्हतं, पण ज्यांच्याशी होतं ते पाचशे मैलांवर होते, म्हणून बाबांनाच ऐकून घ्यावं लागलं.

मी तेव्हा एका लहानशा विमान कंपनीत सहवैमानिक होते. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो आणि सहवैमानिक उजवीकडे. उजवीकडे बसून मला बरीच वर्षं झाली होती, आणि डावीकडच्या जागेसाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाची पाळी अगदी तोंडाशी आली होती. तेवढ्यात आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि सगळ्यांच्या बढत्या थांबल्या. आता दोन्हीकडच्या वैमानिकांची ज्येष्ठतेची रांग एकच होणार होती. त्या रांगेत कोणी कोणाच्या पुढे उभं राहायचं, यावरून जुंपली. मोठ्या कंपनीची माणसं नोकरीत जुनी, पण त्यांच्याकडे बढत्या रखडलेल्या. आमची कंपनी भराभर वाढली, म्हणून आम्ही मागून येऊन पुढे गेलेलो. रुजू झाल्याची तारीख धरली तर मी पार शेपटाला जाणार होते.

कामाची तऱ्हाही वेगळी. विमान तेच, बटणं तीच, पण आमच्याकडे कॅप्टननं सांगितल्यावर सहवैमानिक तपासणीची यादी वाचायला घ्यायचा, आणि त्यांच्याकडे सहवैमानिकानं आपणहून सुरू करायचं. त्यांच्या एका कॅप्टनबरोबर माझं पहिलं उड्डाण होतं. इंजिनं सुरू झाली आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. ते माझी वाट पाहताहेत, मी त्यांची. खाली उभा असलेला इंजिनिअर मान वर करकरून बघत होता. शेवटी कॅप्टन म्हणाले, "मॅडम, काही रुसवा आहे का?" मग दोघंही हसलो. तेव्हा हसले खरी, पण बढतीचा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं.

अमरावतीची म्हटलं की लोक त्या काळात माझ्याशी आवाज हळू करून बोलत. पेपरात आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज यायच्या. वाईट दिवस होते हे खरंच, पण आमच्या गावात लोक जेवत होते, भांडत होते आणि सोयरिकी जुळवत होते, हे कोणाला पटायचं नाही. मी त्यांना पटवायचं सोडून दिलं होतं.

अमरावतीत राजापेठेच्या बसथांब्यावर बाबा मोटरसायकल घेऊन उभे होते. भातकुलीच्या पुढे आमचं गाव. तिथपर्यंत मी मागे बसून त्यांच्या कानात सगळी कथा ओतली. आता तडजोडीचा प्रस्ताव आला होता, त्यांचा एक, आमचा एक, अशी एकाआड एक रांग लावायची. तसं झालं तर मी शेपटाला जाणार नव्हते, पण कॅप्टन व्हायला आणखी काही वर्षं जाणार होती. प्रत्येकानं हो की नाही ते कळवायचं होतं. आमच्या संघटनेचा सहकारी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या फोनची वाट पाहणार होता. मी नाही म्हणणार, हे माझं ठरलेलं होतं.

बाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "थोडं मांगं रायलं तं काय होते व? इमान तं तेच हाय ना."

मी त्यांच्या खांद्यावरचा हात काढून मागचा कॅरियर धरला.

आमच्या गावात दोन पोळे भरत. वरच्या आळीचा वेगळा, खालच्या आळीचा वेगळा. वरच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जोडी आमची जायची. खालच्या पोळ्यात तो मान एका मुसलमान पाटलांच्या घराण्याकडे होता. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. बाबा आणि ते शाळेपासूनचे मित्र. पण दोन-तीन वर्षांत कित्येकांनी बैल विकले होते, आणि दोन्हीकडे मिळून एका पोळ्यापुरत्या जोड्या कशाबशा उरल्या होत्या. म्हणून यंदा शाळेच्या मैदानात एकच तोरण बांधायचं ठरलं. पहिली जोडी कोणाची, हे विचारायचं मात्र सगळ्यांनी टाळलं.

संध्याकाळी वाजंत्री सुरू झाली. वरची आळी नेहमी मारुतीच्या बाजूनं यायची, खालची नाल्याच्या बाजूनं. दोन्ही आळ्या आपापल्या रीतीनं वाजतगाजत आल्या आणि आमची जोडी अन् चाचांची जोडी तोरणाखाली नाकासमोर नाक करून उभी राहिली. मागे दोन्हीकडे रांगा. कोणालाही पुढे जाता येईना. मला ते इंजिन सुरू करून गप्प बसलेलं विमान आठवलं आणि मी मोठ्यानं हसले.

बाबा म्हणाले, मान आजाच्या वक्तापासून आमच्या घरचा आहे. एरवी आठवड्याला एखादा शब्द खर्च करणारा माणूस तावातावानं बोलत होता. मला राहवलं नाही. गर्दीतूनच म्हटलं, "थोडं मागं राहिलं तर काय होतं, बाबा?"

बाबांचे कान लाल झाले. चाचा म्हणाले, "पाटील, पोरगी बराबर बोलून रायली. पन म्या बी मांगं नाई जाऊन रायलो." लोकांना हसू आवरेना.

हसणं ओसरल्यावर चाचांनीच मार्ग काढला. एक बैल तुमचा, एक आमचा, मिळून एकच जोडी करू. सगळ्यांना पटलं, फक्त एक अडचण होती. बैलाला बाजूची सवय असते. उजवीकडच्याला डावीकडे उभं केलं तर तो पाऊल उचलत नाही. चाचांचा डावा बैल त्याच हंगामात बाजारातून आणलेला, ढोलाला बिचकणारा. त्यांचा उजवाच काय तो चालणार होता. म्हणजे आमचा डावा जाणार आणि आमचा उजवा बाहेर राहणार. आणि आमचा उजवा हा बाबांचा जीव होता. गोऱ्हा होता तेव्हापासून त्यांनी त्याला हातानं चारलं होतं, आणि जुंपल्यापासून एकही पोळा त्याचा चुकला नव्हता.

बाबांनी डाव्याचा कासरा चाचांच्या हातात दिला आणि उजव्याला घेऊन बाजूला झाले.

तोरण तुटलं, पोळा फुटला, सगळं गाव त्या दोन घरांच्या जोडीमागे धावलं. बाबा मैदानाच्या कडेला उजव्याची झूल सारखी करत होते. ती आधीच सारखी होती. मी जवळ गेले. चिडवायला दोन वाक्यं तयार ठेवली होती, पण त्यांचा चेहरा पाहून ती टाकून दिली आणि झुलीचं दुसरं टोक धरलं.

"मघा गाडीवर तुले म्या सहज म्हनलो होतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मांगं उभं रायनं सोपं नसते व माय."

माझा सगळा राग तिथंच गेला. त्याच्या जागी वाईट वाटणं आलं, बाबांसाठी आणि थोडं माझ्यासाठीही. मी विचारलं, मग उद्या मी काय कळवू?

त्यांनी बैलाच्या मानेवर हात ठेवला. "हो सांग. पन जड गेलं, हे बी सांग."

सकाळी मी गच्चीवर गेले, कारण आमच्या घरात फोन फक्त तिथंच लागायचा. सहकाऱ्याला म्हटलं, माझा होकार लिहून घ्या. आणि मला हे फार जड गेलं, तेही लिहा. तो म्हणाला, तसा रकाना नाहीये. मग म्हणाला, रकाना असता तर आम्ही सगळ्यांनीच भरला असता. खाली अंगणात बाबा उजव्याला पुरणपोळी भरवत होते, आणि काल डाव्याच्या वाट्याला आली त्याहून जास्त भरवत होते.